पाचवे बोट : विश्वासात राखले जाण्याविषयी एक प्रकरण

इंदूरमधील आमच्या ख्रिस्ती मंडळीत डावीकडच्या सहाव्या बाकावर अनेक वर्षांपासून बसणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. या लेखात त्यांना मी नुसते काका म्हणतो. त्यांच्या परवानगीनेच हे लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. पत्नीच्या मृत्यूनंतर चौदा महिने काकांनी प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाच्या स्मरणार्थ उपासनेत दिली जाणारी भाकर आणि पेला, घेतले नाही. ते उपासनेला वेळेवर येत, गीते उघडून समोर धरत, दान देत. परंतु महिन्याच्या पहिल्या रविवारी बाकाबाकाने लोक उठून वेदीच्या कठड्यापाशी गुडघे टेकायला निघाले, की काका आपले पाय आत ओढून शेजारच्यांना वाट करून देत आणि तिथेच बसून राहत. तेरा वेळा मी त्यांना तसे बसलेले पाहिले, आणि त्यांतल्या पहिल्या चार-पाच वेळा मला त्याचा अर्थ कळला नाही, हे पाळक म्हणून मला प्रथम कबूल केले पाहिजे.

देव आपल्या लोकांना विश्वासात शेवटपर्यंत राखतो, ही शिकवण मी उपदेशातून पुष्कळदा मांडली आहे आणि ती मी मनापासून मानतो. तरीही ज्या माणसाला तिची सर्वांत जास्त गरज होती, त्याच्या हाती मी ती पहिल्यांदा, सुरी पात्याकडून द्यावी तशी दिली. ते कसे झाले आणि पुढे काय झाले, हे नोंदवून ठेवावे असे वाटले.

पार्श्वभूमी

काकांचे आजोबा बेथेलचे. रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ वसवलेले हे ख्रिस्ती गाव. शेषाद्रींचा बाप्तिस्मा १८४३ साली झाला आणि ते ज्या स्कॉटिश फ्री चर्चचे सेवक होते, ते वेस्टमिन्स्टरची १६४६ची विश्वासकबुली, म्हणजे मंडळी काय मानते हे मांडणारा लेखी मसुदा, मानणारे होते. काकांचे वडील नोकरीच्या निमित्ताने इंदूरला आले, तेव्हा येथे १८७७ पासून काम करणाऱ्या कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनची मंडळी होती आणि तिचा वारसाही त्याच कबुलीचा होता. त्यामुळे गाव बदलले, उपासनेची भाषा मराठीची हिंदी झाली, परंतु मुलांकडून पाठ करून घेतली जाणारी १०७ प्रश्नांची लहान प्रश्नोत्तरावली तीच राहिली. काकांना ती वडिलांनी घरी मराठीतून शिकवली. आजही त्यांच्या घरी प्रार्थना आणि शास्त्रवाचन मराठीत होते आणि मंडळीत सगळे हिंदीत. त्यांच्या बोलण्यात एकाच वचनाचे दोन्ही भाषांतले शब्द एकमेकांत मिसळलेले असतात.

या प्रश्नोत्तरावलीतील छत्तिसावा प्रश्न या प्रकरणाच्या मुळाशी आहे. देवाने नीतिमान ठरवलेल्या, दत्तक घेतलेल्या आणि पवित्र केलेल्या माणसाला या जीवनात कोणते लाभ होतात, असा तो प्रश्न आहे आणि उत्तरात पाच लाभ येतात : देवाच्या प्रीतीची खात्री, सदसद्विवेकाची शांती, पवित्र आत्म्याच्या ठायी आनंद, कृपेत वाढ, आणि त्या कृपेत शेवटपर्यंत टिकून राहणे. काका पुढे गणिताचे शिक्षक झाले. हे पाच लाभ त्यांनी लहानपणी एका हाताच्या पाच बोटांवर मोजून पाठ केले होते आणि वयाच्या शहात्तराव्या वर्षीही ते सांगताना त्यांचा अंगठा आपोआप करंगळीवर जातो.

काकी बडोद्याच्या मराठी मेथॉडिस्ट घरातल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, तेव्हा प्रेस्बिटेरियन परंपरेतून आलेली संयुक्त मंडळी तीत सामील झाली, परंतु अमेरिकन मिशनमधून वाढलेली मेथॉडिस्ट मंडळी ऐन वेळी बाहेर राहिली. त्यानंतर चार वर्षांनी काका-काकींचे लग्न झाले. मंडळ्यांचे जे जमले नाही ते या एका घरात पन्नास वर्षे जमले, मात्र वाद मिटले नाहीत. मेथॉडिस्ट शिकवणीप्रमाणे विश्वासणारा माणूस कृपेतून घसरू शकतो, म्हणून त्याने रोज जागे राहावे. त्याचबरोबर आजच्या घटकेला आपण देवाचे आहोत याची खात्री त्याला पवित्र आत्म्याकडून मिळू शकते, हेही ती शिकवण ठामपणे सांगते, कारण मेथॉडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांना २४ मे १७३८च्या संध्याकाळी लंडनमधील एका सभेत अशीच खात्री लाभली होती. प्रेस्बिटेरियन शिकवणीप्रमाणे ज्याला देवाने खरोखर आपले केले, तो पडला तरी कायमचा गळून जात नाही.

या घरात एक विलक्षण गोष्ट होती आणि तिच्याकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. आपण पडू शकतो असे मानणाऱ्या काकी आयुष्यभर निर्धास्त होत्या, आणि कोणी कायमचा पडत नाही असे पाठ केलेले काका आतून सतत हिशेब करत होते.

जिन्यावरचे वाक्य

काकी शेवटचे एकोणीस दिवस अतिदक्षता विभागात होत्या. सतराव्या दिवशी रात्री डॉक्टरांशी बोलून काका खाली येत होते. जिन्याच्या मधल्या वळणावर ते कठड्याला धरून थांबले आणि मोठ्याने म्हणाले, “झालं. आजपासून तुझं माझं संपलं.” आजूबाजूला कोणी नव्हते. दोन दिवसांनी काकी गेल्या. अंत्यविधी झाला, लोक येऊन गेले, मीही शेजारी बसून स्तोत्र वाचले, आणि या वाक्याचा पत्ता कोणालाच लागला नाही.

पुढच्या महिन्यात एका घरसभेत बाहेरून आलेल्या एका वक्त्याने नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायावर संदेश दिला. एकदा प्रकाश मिळालेले, स्वर्गीय दानाची रुची घेतलेले आणि पवित्र आत्म्याचे भागीदार झालेले लोक जर पतित झाले, तर त्यांना पश्चात्तापासाठी पुन्हा नवे करणे अशक्य आहे, असे त्या वचनांत म्हटले आहे. हिंदीत तिथे ‘अन्होना’ असा शब्द आहे. वक्त्याने तो तीनदा उच्चारला आणि पुढे गेला. काका त्या शब्दापाशी थांबले ते थांबलेच. त्या रात्रीपासून त्यांची झोप तुटली. पहाटे तीनला उठून ते दिवा न लावता खुर्चीत बसत, असे सूनबाईंनी मला पुढे सांगितले.

पहिली भेट

मी गेलो तेव्हा काकांनी सगळे नीट, क्रमाने सांगितले. जिन्यावरचे वाक्य, घरसभा, अन्होना. मग डावा हात पुढे करून त्यांनी एकेक बोट मिटवले. “प्रीतीची खात्री नाही. शांती नाही. आनंद तर नाहीच. वाढीचं काय बोलायचं.” चार बोटे मिटली आणि अंगठा उरला. त्यांच्या मोजण्यात अंगठा पाचवा होता. “आता हा एकटा कसा उभा राहील, तुम्हीच सांगा पाळकसाहेब.”

मी घाईने उत्तर दिले. योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढून मेंढरे ख्रिस्ताच्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही, हे वचन वाचले आणि म्हणालो, “काका, खरा विश्वासणारा कधीच कायमचा गळून पडत नाही.”

काकांनी मान डोलावली. “बरोबर आहे. म्हणजे मी खरा नव्हतो.”

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांचे तर्कशास्त्र चूक नव्हते. वाक्य मी दिले होते आणि निष्कर्ष त्यांनी काढला होता. योहानाच्या पहिल्या पत्रातही सोडून गेलेल्यांविषयी असेच म्हटले आहे की ते आपल्यातून निघाले तरी आपले नव्हते. ही शिकवण जेव्हा माणूस आपल्या विश्वासाचा अस्सलपणा तपासण्यासाठी वापरतो, तेव्हा ती त्याला अजिबात आधार देत नाही, उलट आहे तो आधारही काढून घेते. एकाच वचनाने एकाला उभे करावे आणि दुसऱ्याला खड्ड्यात ढकलावे, असे घडते ते वचनामुळे नाही. ते आपण कोणाकडे बोट करून म्हणतो, यामुळे घडते. राखतो तो देव, हा या शिकवणीचा कर्ता आहे. मी बोलताना नकळत विश्वासणाऱ्याला कर्ता केले होते.

घरी येऊन मी जुनी कागदपत्रे पुन्हा वाचली. १६१० मध्ये डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियसच्या अनुयायांनी नेदरलँड्समध्ये आपली पाच कलमे मांडली, तेव्हा विश्वासणारा कृपेतून पूर्णपणे गळू शकतो की नाही, हा मुद्दा शास्त्रातून आणखी तपासायला हवा, एवढेच त्यांनी म्हटले होते. त्याला उत्तर म्हणून तेथल्याच डॉर्ट शहरातल्या १६१८–१६१९च्या धर्मसभेने जे लिहिले, त्याचा पाचवा भाग याच विषयाला वाहिलेला आहे. तो भाग मी शिकलो होतो, पण एखाद्या खचलेल्या माणसाच्या शेजारी बसून कधी वाचला नव्हता. त्यातल्या पाचव्या कलमात म्हटले आहे की देवाची माणसे गंभीर पापात पडून पवित्र आत्म्याला दुःख देतात, त्यांचा विश्वास काही काळ चालेनासा होतो आणि कधी कधी कृपेची जाणीवही त्यांना सोडून जाते. अकरावे कलम म्हणते की कठीण परीक्षेत विश्वासणाऱ्यांना टिकून राहण्याची पूर्ण खात्री नेहमीच वाटते असे नाही. हे लिहिणारे लोक खात्रीचे सर्वांत कट्टर समर्थक होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या कबुलीचे मोल कळते.

वेस्टमिन्स्टरच्या कबुलीत तर या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे अध्याय आहेत. सतरावा अध्याय टिकून राहण्याविषयी आहे, अठरावा खात्रीविषयी. टिकून राहणे माणसाच्या इच्छाशक्तीवर अवलंबून नाही, ते देवाच्या न बदलणाऱ्या निवडीवर, ख्रिस्ताच्या पुण्याईवर आणि त्याच्या मध्यस्थीवर उभे आहे, असे सतरावा सांगतो. खात्री ही विश्वासाच्या गाभ्याचाच भाग आहे असे नाही, खऱ्या विश्वासणाऱ्याला तिच्यासाठी दीर्घकाळ वाट पाहावी लागू शकते आणि मिळालेली खात्रीही डळमळू शकते, असे अठरावा सांगतो. काकांनी लहानपणी जे पाच लाभ एका हातावर मोजले, ते त्यांच्या मनात एकाखाली एक लागलेल्या पायऱ्यांसारखे झाले होते आणि वरच्या चार मोडल्या म्हणून पाचवी कोसळली, असा त्यांचा हिशेब होता. वास्तविक पाचवा लाभ त्या चारांच्या आधारावर उभाच नाही.

हे मला कळले, पण लगेच जाऊन सांगायचे नाही असे मी ठरवले. पहिल्या वेळचा धडा पुरेसा होता.

बुधवार

त्यानंतर मी दर बुधवारी संध्याकाळी जाऊ लागलो. बोलणे थोडेच होई. दुसऱ्याच आठवड्यात मी मुलाला बाजूला घेऊन काकांना डॉक्टरांकडे नेण्याविषयी सांगितले. तीन वाजता जाग येणे, जेवणावरून वासना जाणे आणि सगळ्या गोष्टींचा दोष स्वतःकडे घेणे, ही नैराश्याचीही लक्षणे आहेत, आणि आजारी मनाला आत्म्याचा दोष म्हणून दटावणे हा अन्याय आहे. औषध सुरू झाले. सहा-सात आठवड्यांनी झोप सुधारली. काहींना वाटेल की मग प्रश्न औषधाचाच होता, विश्वासाचा नव्हता. मला तसे वाटत नाही. झोप आल्यावरही काकांचा प्रश्न तोच राहिला. फक्त आता तो त्यांना दिवसाउजेडी विचारता येऊ लागला.

याच काळात सूनबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. काकींच्या जाण्याआधीपासून काकांचा उजवा हात थरथरू लागला होता आणि अंत्यविधीनंतरच्या प्रभुभोजनाला त्यांनी पेला उचलला, तेव्हा मनुकांचा रस हिंदकळून सदऱ्याच्या बाहीवर सांडला होता. तो पेला त्यांनी तसाच ताटात परत ठेवला. मी वेदीपाशी समोरच उभा होतो आणि मला ते दिसले नव्हते. काकांच्या मनात त्याचा अर्थ लागला होता : प्याला नाकारला गेला. घरसभेतला संदेश त्यानंतर दोनच आठवड्यांनी होता.

एका बुधवारी काकांनी कपाटातून वह्यांचा गठ्ठा काढला. १९७१ पासून दरवर्षी एक वही, प्रत्येक दिवसाला एक ओळ, त्या ओळीत वाचलेला अध्याय आणि प्रार्थना झाल्याची बरोबरची खूण. शिक्षकाची वळणदार अक्षरे, लाल शाईच्या खुणा. शेवटच्या वहीत काकींच्या आजाराच्या सतराव्या दिवसापर्यंत खुणा होत्या आणि पुढे कोरी पाने. “हा पुरावा,” काका म्हणाले.

मी ती कोरी पाने एकेक करून उलटली, कारण त्यांनी पुरावा म्हणून दिलेली वस्तू वरवर पाहणे बरे दिसले नसते. ती सगळीच कोरी नव्हती. एका पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने अगदी फिकट लिहिलेले होते : “आज वाचवत नाही. माफ कर.” पुढे अकरा-बारा पानांनंतर : “ती कशी आहे?” आणि आणखी एका पानावर फक्त : “कुठे आहेस.” प्रश्नचिन्हही नव्हते.

मी वही त्यांच्यासमोर धरली आणि विचारले, “हे कोणाला लिहिलंय काका?”

ते बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “सवय हो. हात जातो.”

मी वाद घातला नाही. सवय असेलही. पण जिन्यावर ‘तुझं माझं संपलं’ म्हणणारा माणूस त्या वेळीही कोणाशी तरी बोलत होता, आणि कोरी ठेवलेल्या वहीत ज्या तीन ओळी होत्या त्या तिन्ही कोणाला तरी उद्देशून होत्या. आपण देवाविषयी काय म्हणतो, एवढ्यावरून आपला विश्वास मोजायचा म्हटले तर काकांचे खाते बुडाले होते. देवाला सोडल्याची तक्रारही ज्याला देवाकडेच न्यावीशी वाटते, त्याला मी पतित म्हणणार नाही.

सहावा अध्याय

तरी अन्होना हा शब्द शास्त्रात आहे आणि तो काढून टाकता येत नाही. काकांसारख्या माणसाला ‘ते तुमच्यासाठी नाही’ असे म्हणून वाटेला लावणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही. म्हणून आम्ही इब्री पत्र पहिल्यापासून, प्रत्येक बुधवारी थोडे थोडे, मराठीतून वाचायला घेतले.

ज्यांना हे पत्र लिहिले गेले, ते छळाला कंटाळून ख्रिस्ताला मागे टाकून जुन्या यज्ञविधींकडे परतण्याच्या बेतात होते. सहाव्या अध्यायातले पतन म्हणजे एखाद्या रात्री दुःखाने फुटलेले वाक्य नव्हे. देवाच्या पुत्राला पुन्हा वधस्तंभी द्यावे आणि त्याचा उघड अपमान करावा, असे ते ठरवून, जाणून आणि न वळता केलेले सोडून देणे आहे. लगेच पुढे शेतजमिनीचे उदाहरण येते : एकाच पावसात भिजलेली एक जमीन पीक देते, दुसरी काटेकुसळे. हे लोक मुळात खरे विश्वासणारे होते की मंडळीत राहून केवळ चव घेतलेले, यावर विद्वानांचे एकमत नाही. काकींच्या परंपरेतले लोक म्हणतील की ते खरेच विश्वासणारे होते आणि धोका खरा आहे. माझ्या परंपरेतले म्हणतील की पीक आले नाही, यातच त्या जमिनीची ओळख आहे. मी दुसरी बाजू मानतो, परंतु या प्रकरणात मला महत्त्वाचे वाटले ते पुढचे नववे वचन. एवढा कठोर इशारा दिल्यावर लेखक आपल्या वाचकांना ‘प्रियजनहो’ म्हणतो आणि तुमच्याविषयी आम्हांला याहून चांगल्या, तारणाच्या गोष्टींची खात्री आहे, असे लिहितो. घरसभेत वक्ता आठव्या वचनावर थांबला होता.

इशारा खरा नसेल तर देव तो देतो कशाला, असे काकांनी विचारले. प्रश्न चांगला होता आणि काकीही तो त्यांना पन्नास वर्षे विचारत होत्या. डॉर्टच्या चौदाव्या कलमात त्याचे जे उत्तर आहे, ते मला पटते : देवाने ज्या साधनांनी आपल्यात कृपेचे काम सुरू केले, त्याच साधनांनी, म्हणजे वचन ऐकणे, वाचणे, मनन करणे, त्यातले बोध, इशारे आणि अभिवचने, आणि बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे संस्कार यांच्याद्वारे तो ते काम राखतो. इशारा हा राखण्याच्या विरुद्ध नसून राखण्याचीच एक रीत आहे. घाटात वळणावर फलक असतो म्हणून गाडी दरीत जात नाही, आणि फलक लावणाऱ्यालाही गाडी दरीत जायला नकोच असते. जो माणूस ‘माझे तारण झाले आहे’ म्हणून निर्धास्तपणे पापात राहतो, त्याला मी सहावा अध्याय पुन्हा पुन्हा वाचून दाखवीन. तो वाचून ज्याची झोप उडते, त्याच्यावर इशाऱ्याने आपले काम केलेले आहे.

काका हसले नाहीत, पण म्हणाले, “म्हणजे माझी झोप उडाली ही चांगली खूण?” मी म्हणालो, “भीती वाटते ही चांगली खूण. झोप न येणं हा आजार. दोन्ही वेगळं ठेवू.”

चाळणी

पेत्राचा विषय काकांनीच काढला. येशूला नाकारण्याचा गुन्हा त्याच्या या शिष्यावरही होता, आणि तोही तीनदा, शपथ घेऊन. आम्ही लूकच्या शुभवर्तमानाचा बाविसावा अध्याय उघडला. प्रभू म्हणतो की तुम्हांला गव्हासारखे चाळावे म्हणून सैतानाने मागणी केली, परंतु तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. मराठीत वाचताना एक गोष्ट आपोआप दिसते : मागणी ‘तुम्हां’ सगळ्यांसाठी आहे आणि विनंती ‘तुझ्या’ एकट्यासाठी. मूळ ग्रीकमध्येही हा फरक आहे. काकांनी बोट ठेवून ती दोन सर्वनामे दोनदा वाचली.

मग ते काकींविषयी बोलले. दरवर्षी एप्रिलमध्ये वर्षाचा लोकवन गहू घरी यायचा आणि काकी गच्चीवर चादर पसरून तो चाळायच्या. मोठी लोखंडी चाळणी, दोन्ही हातांनी डावीकडे-उजवीकडे. माती, भुसा, बारीक फुटका दाणा खाली पडायचा आणि गहू वर राहायचा. उरलेले खडे नंतर हाताने वेचायचे. “गहू किती हलवला तरी खाली पडत नाही,” काका म्हणाले, “तेवढ्याचसाठी तर चाळणी.” थोडे थांबून ते म्हणाले, “पण चाळणीत गव्हाला काय वाटत असेल.”

पेत्राने नाकारले, कोंबडा आरवला, तो बाहेर जाऊन रडला. त्याचा शब्द मोडला, धीर मोडला. विश्वास ढळू नये अशी विनंती प्रभूने केली होती आणि ती वाया गेली नाही, हे त्या रात्री पेत्राला कोणत्याच खुणेवरून कळले नसते. इब्री पत्राच्या सातव्या अध्यायात हीच मध्यस्थी सर्वकाळ चाललेली आहे असे म्हटले आहे. काकांच्या पाचव्या लाभाचे ठिकाण तिथे आहे. सतराव्या रात्री जिन्यावर काकांनी आपल्या बाजूने दोर कापला असेल, पण दुसऱ्या टोकाला धरणाऱ्याने आपले टोक सोडले होते की नाही, हे काकांच्या वाक्यावरून ठरत नाही.

“तिचं बरोबर होतं की माझं?” असे त्यांनी त्या दिवशी उठता उठता विचारले. मी म्हणालो, “शिकवण तुमची बरोबर आहे असं मी मानतो. पण ती वापरायची कशी, ते काकींना जास्त ठाऊक होतं.” हे मी त्यांना बरे वाटावे म्हणून म्हटले नाही. काकींना अतिदक्षता विभागात हलवण्याआधी मी भेटलो होतो. पडण्याच्या शक्यतेवर आयुष्यभर वाद घातलेल्या त्या बाईंनी मला एवढेच सांगितले होते, “मला धरवत नाही आता. त्यालाच धरू दे.” प्रेस्बिटेरियन विद्वानाने याहून वेगळे काय लिहिले असते, मला माहीत नाही.

पुढे

पंधराव्या महिन्याच्या पहिल्या रविवारी काका उठले. नातीचा खांदा धरून कठड्यापर्यंत आले. गुडघे टेकवेनात म्हणून उभेच राहिले. भाकर त्यांनी घेतली. पेल्याचे ताट आले तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि तो थरथरू लागला. मी पेला त्यांच्या हातात दिला आणि माझा हात काढून घेतला नाही. आम्ही दोघांनी मिळून तो त्यांच्या ओठांपर्यंत नेला. थोडे सांडले. त्यांनी बाहीकडे पाहिले नाही.

उपासनेनंतर मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “काही वाटलं नाही.” आणि मग, “पण घेतलं.” पुढच्या महिन्यात ते पुन्हा आले.

काकांना खात्री मिळाली, असे मी लिहू शकत नाही. काही दिवस बरे जातात, काही वाईट. औषध चालू आहे. नव्या वहीत लाल खुणा नाहीत. त्यांनी ती पद्धत बंद केली आहे आणि कधी कधी एखादे वाक्य लिहितात, जे ते मला दाखवत नाहीत आणि मी मागत नाही. बुधवारचे वाचन चालू आहे. गेल्या आठवड्यात आम्ही अकराव्या अध्यायाच्या शेवटाशी पोहोचलो, जिथे विश्वासाने जगलेल्यांची नावे भराभर येतात. बत्तिसाव्या वचनात गिदोन, बाराक, शमशोन, इफ्ताह ही नावे वाचून काका थांबले, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “शमशोन? याचं नाव इथे कसं?”

मी म्हणालो की शास्ते पुस्तकाचे तेरा ते सोळा अध्याय वाचून ठेवा, पुढच्या बुधवारी तेथूनच सुरू करू. त्यांनी वही उघडून ते लिहून घेतले.